गाडीचा बंब

डिसेंबर उजाडला की पेपरात थंडीचे आकडे येऊ लागतात आणि हडपसरच्या माणसाच्या पोटात दुखू लागतं. पाषाण, एनडीए, शिवाजीनगर ही मंडळी आठ, नऊ, दहा अशी मिरवत असतात. यादीच्या तळाशी आमचा मगरपट्टा : सोळा. कधी सतरा. म्हणजे सगळं पुणे कुडकुडतंय आणि आमच्या घरात पंखा एकवर ठेवायचा की दोनवर, यावर मतभेद. पाणी झालं, रस्ते झाले, पूर्व भागावरचा अन्याय आम्ही वर्षानुवर्षं सोसला. पण थंडीचाही अनुशेष? पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. तो मानसुद्धा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. आमचं हडपसर तेव्हा पुण्याबाहेरचं, उसाभाजीचं गाव.

तरी स्वेटर आम्ही घालतोच. सोळा अंशांत माकडटोपी कानापर्यंत ओढून गाडीतळावर चहा फुंकत पिणारे लोक मी रोज बघतो. चहा फुंकतात तो गरम असतो म्हणून, आणि टोपी घालतात ती घेतली आहे म्हणून.

असल्या हडपसरात आमच्या साडूभाऊंनी गाडीचं इंजिन गरम करायचं यंत्र आणलं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला काढली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, शेअर बाजाराला लागतात. साडूभाऊ रस्त्याला लागले. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं आणि वापरलेली एक ट्रॅव्हलर गाडी घेतली. बाकडी काढली, पलंग टाकला, ओटा केला, गॅसची शेगडी बसवली, आणि ताईंच्या हट्टाखातर मागच्या कोपऱ्यात मोरी केली. जगात कॅम्पर व्हॅन पुष्कळ असतील. त्यात शॉवर असेल, टॉयलेट असेल. पण कठडा, पाट आणि तांब्या ठेवायला कोनाडा असलेली मोरी बहुधा एवढीच.

यंत्राचं वेड मात्र एडमंटनहून आलं. लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं कॅनडाला गेली ती ऐन जानेवारीत. बाहेर उणे तीस. पहिल्या सकाळी साडूभाऊंनी खिडकीतून पाहिलं तर समोर ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबत होत्या आणि त्यांचे प्लग खांबांना लावलेले. "अरे वा, इकडे सगळ्याच गाड्या विजेवर झाल्या की!" जावईबापूंनी हसू आवरून सांगितलं, की बाबा, या पेट्रोलच्याच आहेत. रात्रभर इंजिनाला शेक देतात, नाहीतर सकाळी उठतच नाहीत. त्या शेक देणाऱ्या काडीला ब्लॉक हीटर म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात ग्रँड फोर्क्स नावाचं एक गारठलेलं गाव आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली अशा एका हीटरचं पेटंट मिळवलं. एवढ्या थंडीत इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, आणि ज्या बॅटरीनं ते घुसळायचं तिचाच जोर निम्म्यावर येतो. ओझं दुप्पट आणि हमाल आजारी. मग गाडी कशी उठणार?

पण जंगलात मुक्काम करणाऱ्या व्हॅनवाल्यानं प्लग कुठं लावायचा? झाडाला? त्याच्यासाठी निराळं यंत्र असतं. ते गाडीच्याच टाकीतलं डिझेल थेंब थेंब घेतं, आत छोटीशी ज्योत पेटवतं, त्या ज्योतीभोवती इंजिनाचं कूलंट खेळवतं आणि गरम झालेलं कूलंट एका पंपानं इंजिनात फिरवत ठेवतं. इंजिन बंद, पण अंग गरम. शिवाय तीच ऊब गाडीतल्या पंख्याकडे वळवली की माणसंही गरम. या धंद्यात जर्मन लोक मुरलेले. वेबास्टो नावाची कंपनी १९०१ सालची. विल्हेल्म बायर हे संस्थापकाचं नाव आणि श्टॉकडॉर्फ हे गावाचं नाव, त्यांची पहिली अक्षरं जोडून कंपनीचं बारसं केलेलं. आपल्याकडे ट्रकच्या मागे मुलांची नावं जोडून लिहितात, 'सुरमाय', 'प्रशिल', तसलाच प्रकार.

साडूभाऊ परत आले ते ठरवूनच. "आपली गाडी मूळची कोण आहे? मर्सिडीजच्या जुन्या टी-१ व्हॅनवरून बेतलेली. जर्मन रक्त आहे तिच्यात. तिला थंडी सोसत नाही असं नाही, पण तिचा मान ठेवायला हवा."

जर्मन यंत्राची किंमत कळल्यावर मानाचा आकडा खाली आला आणि दुसऱ्याच देशातून आलेलं, तसंच दिसणारं एक खोकं ऑनलाइन मागवलं गेलं.

ते खोकं मी पहिल्यांदा त्यांच्या डायनिंग टेबलावर उघडलेलं पाहिलं. दोन भाकरीचे डबे एकावर एक ठेवावेत एवढा ऐवज. मधोमध जळण्याची नळी, तिच्याभोवती पाण्याचं पोकळ कवच, पाणी आत यायला एक तोटी, बाहेर जायला एक तोटी, खाली धुराचं नळकांडं. साडूभाऊ बर्नर, हीट एक्स्चेंजर, डोसिंग पंप असं काय काय दाखवत होते आणि मला मात्र सासवडच्या वाड्यातल्या न्हाणीघरातला धूर आठवून डोळ्यांत पाणी येत होतं.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "हा बंब आहे."

गंमत नाही, खरंच बंब. तिशीच्या आतल्या वाचकांसाठी सांगतो : गीझर यायच्या आधी घरोघरी तांब्याचं एक पोट सुटलेलं उभं पिंप असायचं. मधून आरपार नळकांडं, त्यात निखारे आणि बंबफोड, म्हणजे बंबात मावतील अशी फोडलेली लाकडाची बारकी ढलपी. भोवती पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत बाहेर पडायचं. पुण्यात कसब्याजवळच्या तांबट आळीत हे बंब ठोकून ठोकून घडवत. हातोडीच्या त्या सारख्या खुणांना मठारकाम म्हणतात. आमच्या आजीचा बंब तिथलाच. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंचेनं घासला की त्यात तोंड दिसायचं, आणि तोंड दिसलं की आजी म्हणायची, "आता आंघोळ कर, म्हणजे ओळखू येईल."

त्या यंत्राची माहितीपुस्तिका मी वाचली. भाषा इंग्रजी असावी. पण सूचना एकूण एक आजीच्या. यंत्रात पाणी आहे ना, हे पाहिल्याशिवाय पेटवू नये. आजी : "आधी पाणी बघ, मग काडी ओढ, नाहीतर डाग जाईल." धूर निघायची वाट मोकळी असावी. आजी : "खिडकी उघड मेल्या." पेटलेलं यंत्र एकदम बंद करू नये, ज्योत विझल्यावरही थोडा वेळ पंप फिरू द्यावा. आजी निखाऱ्यांवर पाणी मारणाऱ्याला पळीनं मारायची. पुस्तिकेत बावीस पानं होती. आजीनं ते सगळं एका वाक्यात बसवलं असतं आणि वर धपाटा दिला असता, तो या किमतीत मिळत नाही.

बसवायला सासवड रस्त्यावरचे मिस्त्री गाठले. हे मिस्त्री ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातून निवृत्त झालेले. लेहला तीन हिवाळे काढलेले. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं, हात पुसले, आणि विचारलं,

"साहेब, राहायला किती डिग्रीत असता?"

"सध्या सोळा," साडूभाऊ म्हणाले.

"उणे?"

"अधिक."

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेहला आमच्याकडे डिझेलचं तूप व्हायचं. टाकीत पळी उभी राहील असं. मग टाकीखाली स्टोव्ह लावायचा, एक जण पुढं, एक जण मागं, आणि देवाचं नाव घ्यायचं. रॉकेल मिसळायचं. रात्री उठून उठून गाडी चालू करायची. आता २०१९ पासून इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास थंडीतलं डिझेल काढलंय, उणे तेहतीसपर्यंत गोठत नाही म्हणतात. आमच्या नशिबी स्टोव्ह होता." त्यांनी यंत्र हातात घेऊन फिरवून पाहिलं. "चीज चांगली आहे. पण इथं ही बसवायची म्हणजे गुऱ्हाळात शेकोटी पेटवायची."

शेजारच्या मांजरी गावात पूर्वी उसाची काय कमी होती; उपमा अस्सल गावातली होती. पण साडूभाऊंना उपमा लागत नाहीत.

पुढचा प्रश्न कूलंटचा. आमच्या भागात त्याला सगळे 'कुलन' म्हणतात आणि बहुतेक गाड्यांत ते नसतंच, नळाचं पाणी असतं. गाडी तापली की चालक बाटली काढतो, अर्धी स्वतः पितो, अर्धी रेडिएटरला पाजतो. मिस्त्रींनी बजावलं, असलं पाणी या यंत्रात चालणार नाही, आत क्षार धरेल. निम्मं कुलन, निम्मं शुद्ध पाणी. असं मिश्रण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. हडपसरला पुरून उरेल, एवढी खात्री आम्हाला होती. मला मात्र त्या नावातच गोम दिसत होती. इंजिन गार राहावं म्हणून जे घालायचं, तेच तापवायचं यंत्र वर पैसे मोजून बसवायचं. गार करणाऱ्याला गरम करायचं, आणि गरम झालं की तेच पुन्हा गार करणार.

जाता जाता एक सांगून टाकतो. फोक्सवॅगनची ती गोंडस, गोल डोळ्यांची व्हॅन, १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी जिच्यात पलंग-कपाटं बसवून द्यायची आणि जिच्यामुळे कॅम्पर हा प्रकार जगभर पोचला, तिचं इंजिन वाऱ्यावर गार होणारं होतं. तिच्यात कूलंटच नव्हतं. आमच्या हडपसरला तर ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्या विमानाला इंजिनच नसतं. प्रश्न मुळातून सोडवायची ही पद्धत मला जास्त आवडते.

जर्मन भाषेत या यंत्राला 'श्टांडहायत्सुंग' म्हणतात. म्हणजे उभ्या गाडीला ऊब. शब्द ऐकला आणि मला भरून आलं, कारण ही सोय हडपसरला फुकट आहे. संध्याकाळी सहानंतर मगरपट्ट्याहून गाडीतळाकडे निघावं. गाडीतळ म्हणजे जिथं आषाढवारीत माउलींची पालखी दिवे घाटाच्या दिशेनं वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. संतांनासुद्धा इथून पुढं एकत्र जाता आलं नाही, तिथं आपण कोण? गाडी उभी. इंजिन चालू. काटा हळूहळू वर. पुढचा टेम्पो धूर सोडतोय तो आपल्या रेडिएटरवर. डावीकडे बॉनेट उघडून एक जण फडक्यानं झाकण पिळतोय. पंधरा मिनिटांत आपल्या इंजिनाला जी ऊब येते ती जर्मन माणूस अर्ध्या तासात आणि पाव लिटरभर डिझेलमध्ये आणतो. श्टांडहायत्सुंग.

तरीही यंत्र बसलं. मिस्त्रींनी एक काम मात्र मनापासून केलं : मोरीच्या टाकीचं पाणीही त्याच उबेवर तापेल अशी जोडणी. त्यात एक चपटी पेटी असते. तिच्या पातळ पत्र्याच्या एका बाजूनं कुलन वाहतं, दुसऱ्या बाजूनं आंघोळीचं पाणी. ऊब पलीकडे जाते, पाणी जात नाही. आणि जाऊही नये, कारण कुलन विषारी असतं. "आजीच्या सोवळ्यात आणि आमच्यात एवढंच अंतर असायचं," मी ताईंना म्हणालो. ताई म्हणाल्या, "पण गरम पाणी येईल ना?"

चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये. रविवार, पहाटे सहा. तापमान सतरा. साडूभाऊ माकडटोपीत, मी बनियनवर.

बटण दाबलं. आधी पंखा घुमला. मग डोसिंग पंप बोलू लागला. हा पंप डिझेल मोजून सोडतो आणि प्रत्येक थेंबाला 'टिक' म्हणतो. टिक. टिक. टिक. थंड यंत्र पेट घेताना सुरुवातीला पांढरा धूर सोडतं, तसा त्यानं सोडला. पण पार्किंगला वर स्लॅब आणि तीन बाजूंना भिंती असल्यामुळं तो धूर जायला जागाच शोधेना. शेवटी लिफ्टच्या दारातून वर जायला लागला.

वॉचमन धावत आला. त्यानं धूर बघितला, टिकटिक ऐकली, आणि दोन पावलं मागं सरला. "साहेब... बॉम्ब?"

"छे रे," मी ओरडलो, "बॉम्ब नाही, बंब! बंब!"

पोरगा चलाख. त्यानं क्षणाचाही विलंब न लावता १०१ फिरवला आणि बंब मागवला.

घंटा वाजवत लाल गाडी आली तेव्हा आमचा बंब छान पेटलेला होता, धूर विरला होता आणि चेअरमन टॉवेलवर खाली आले होते. बंबावरच्या जवानानं वाकून यंत्र पाहिलं, नळकांड्याशी हात धरला आणि शांतपणे सांगितलं ते मी इथं जसंच्या तसं देतो, कारण या लेखात उपयोगाचं काही असेल तर तेवढंच आहे. "यंत्र ठीक आहे. जागा चुकीची आहे. असलं काही बंद पार्किंगमध्ये लावायचं नाही. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. नळकांडं गाडीच्या बाहेर, खिडकीपासून लांब, आणि गाडी उघड्यावर. आत झोपणार असाल तर त्या वायूचा अलार्म बसवा." मग टोपी सरळ करत म्हणाला, "आमच्या गावाला असाच होता. तांब्याचा."

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली : 'सभासदांनी पार्किंगमध्ये कोणत्याही प्रकारचा बंब पेटवू नये.'

पुण्यात थंडी देत नाहीत, तर आपण थंडीकडे जाऊ, असं साडूभाऊंनी ठरवलं. निफाडचा विचार झाला. जिल्हा नाशिक, राज्यातल्या नीचांकाच्या बातम्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा हटकून असतो. पण तिथला बागाईतदार थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवत जागा असतो. त्याच्या बांधावर हौसेनं थंडी मागायला जायचं, हे काही बरं दिसेना. म्हणून महाबळेश्वर. दरवर्षी जानेवारीत वेण्णा लेकवर हिमकण पडल्याचे फोटो येतातच : जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानावर, बोटींच्या धक्क्यावर पांढरी पूड.

त्या पुडीमागं एक गंमत आहे. थर्मामीटरमध्ये हवा चार-पाच अंश असते तेव्हाही दव गोठतं. आभाळ निरभ्र असलं की गवत, पत्रा, पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा गार होतात. वारा पडलेला असला तर पार शून्याखाली. म्हणजे हवेला थंडी वाजायच्या आधी जीपच्या टपाला वाजते. हे मी साडूभाऊंना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गाडीला माणसापेक्षा जास्त थंडी वाजते, हेच मी केव्हाचं सांगतोय."

आम्ही चौघं निघालो. खंबाटकी घाट झाला, सुरूर फाट्याला आत वळलो, वाई मागं टाकली आणि पसरणी घाट सुरू झाला. दुपारची वेळ, बाहेर अठ्ठावीस अंश, गाडीत पलंग, ओटा, मोरी, शंभर लिटर पाणी, दोन साडू आणि ताईंनी बरोबर घेतलेला आठवड्याचा फराळ. तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मिस्त्रींना फोन.

"एसी बंद करा," मिस्त्री म्हणाले, "आणि आतला ब्लोअर गरमवर फुल सोडा."

"गरमवर?"

"इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढून घ्या. तेवढाच रेडिएटरवरचा भार कमी."

उपाय अगदी बरोबर होता. काटा खाली आला. त्या भर दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून, तोंडावर गरम वाफा घेत, आम्ही पसरणी चढलो. इंजिन गार व्हावं म्हणून माणसं उकडत होती. बायको मागून म्हणाली, "दाजी, थंडी पाचगणीनंतर लागते का?"

रात्री थंडी लागली, अगदी मनासारखी. ओळखीच्यांच्या आवारात उघड्यावर गाडी लावली, नळकांडं मोकळ्या बाजूला काढलं, अलार्म टांगला. बाहेर सहा अंश. साडूभाऊंनी आयुष्यातलं एक काम पूर्ण होत असल्यासारखं बटण दाबलं. टिक, टिक, टिक. धूर आला आणि मोकळ्यावर विरून गेला. दहा मिनिटांत गाडीत अशी ऊब पसरली की ताईंनी शाल काढली, मी स्वेटर काढला. साडूभाऊंनी तत्त्व म्हणून टोपी काढली नाही. बाहेर कुडकुडत फिरणारे पर्यटक आमच्या काचेतून आत बघत होते. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा पाषाणचे लोक आमच्याकडे कसे बघत असतील ते कळलं.

यंत्र रात्रभर चालू. मंद आचेवर ताशी पाव लिटर, म्हणजे नऊ तासांत सव्वादोन लिटर डिझेल. आजीच्या बंबाला एवढ्या पैशात महिन्याचं जळण आलं असतं, पण आजीच्या बंबाला चाकं नव्हती.

पहाटे साडेपाचला उठून पाहिलं तर गवतावर खरंच पांढरं. आणि मोरीत तोटी सोडली तर कढत पाणी! महाबळेश्वरच्या जानेवारीत, उघड्या माळावर, पाटावर बसून, तांब्या तांब्यानं आम्ही चौघांनी आळीपाळीनं अशी आंघोळ केली की मोरीतून निघालेल्या वाफेनं पुढची काच आंधळी झाली. पाच किलोवॉटचं यंत्र. म्हणजे बाथरूममधल्या दोन हजार वॉटच्या अडीच गीझरांची ताकद. एक बादली पाच-सहा मिनिटांत. ताई म्हणाल्या, "एवढ्यासाठी आधी मला का नाही सांगितलंत? इंजिन, इंजिन करत बसला होतात."

इंजिनाची आठवण तेव्हा झाली. साडूभाऊ ऐटीत चालकाच्या जागी बसले. इंजिन हाताला छान गरम लागत होतं, ऑइल पातळ, कुलन साठ-सत्तर अंशांवर, डिझेल मोकळं. जर्मन रक्त सळसळत असणार. सेल्फ मारला.

टक्.

पुन्हा मारला. टक्. दिवे मिणमिणले आणि विझले.

बॅटरी बसली होती. यंत्र डिझेलवर चालतं, पण त्याचा पंखा, पंप, गाडीतला ब्लोअर आणि ती टिकटिक हे सगळं बॅटरीवर चालतं. आणि आम्ही दुसरी बॅटरी बसवण्याचे पैसे वाचवले होते. सकाळी गाडी सहज चालू व्हावी म्हणून बसवलेल्या यंत्रानं, गाडी चालू करायला लागणारी वीज रात्रभर खाऊन इंजिन गरम ठेवलं होतं. ही युरोपातही जुनी रड आहे. तिथले शहाणे लोक एक साधा नियम पाळतात : जेवढा वेळ हीटर चालवला, किमान तेवढा वेळ गाडी चालवावी, म्हणजे बॅटरी भरून निघते. आमचा हिशोब त्या नियमानं मांडला तर आम्हाला न थांबता सलग नऊ तास जायला हवं होतं. म्हणजे गोवा.

मिस्त्रींना फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "उतारावर लावलीय का?"

लावली नव्हती. उतारावर गाडी लावणं हे आपल्याकडचं मूळ शास्त्र. बजाजच्या स्कूटरला तिरकी करून मग किक मारायची, जीपला उतार बघायचा, डिझेलच्या गाडीला हीटर मारून दहा आकडे मोजायचे आणि मग सेल्फ. पुण्याच्या दोन पिढ्या यावर कामाला वेळेवर पोचल्या. साडूभाऊंना हे सगळं येत होतं. एडमंटनला जाऊन ते विसरले.

स्ट्रॉबेरीचे क्रेट गाडीत भरणारे सहा जण शेजारच्या मळ्यातून बोलावले. त्यांच्या अंगात साधे शर्ट. आम्ही नुकतेच कढत पाण्यानं न्हाऊन लाल झालेले. त्यांनी मोरीसकट गाडी ढकलली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला आणि इंजिन पहिल्याच ढकलीला धडधडलं. गरमच होतं ना. ते सहा जण नसते तर हा गरमपणा आम्ही कुणाला दाखवणार होतो? पैसे घ्यायला ते तयार होईनात. शेवटी त्यातला म्हातारा संकोचत म्हणाला, "आत गरम पाणी आहे म्हनं?" त्यांनी हातपाय धुतले, तोंडं धुतली. म्हातारबुवांनी मोरीतल्या पाटावर बसून अख्खी आंघोळ केली आणि बाहेर येऊन शेरा मारला, "बंब झ्याक हाय."

परत आलो ते ढगाळ दिवसांत. हडपसरच्या सोसायट्यांत गच्चीवर सौरबंब असतात. महापालिका त्यासाठी मिळकतकरात पाच टक्के सवलत देते आणि सूर्य ती सवलत ढगाळ हवेत परत घेतो. तीन दिवस सगळी इमारत कोमट. चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात चेअरमन. हातात बादली.

"नोटीस पार्किंगपुरती आहे," ते म्हणाले. "रस्त्यावर चालेल."

आता दुसरी बॅटरी बसवली आहे. ढगाळ हवा असली की गाडी गेटबाहेर मोकळ्यावर उभी असते, नळकांडं रस्त्याच्या बाजूला, वेळ सकाळी सहा ते आठ. इंजिनासाठी ते यंत्र त्यानंतर एकदाही लागलेलं नाही. तुम्ही आमच्या बाजूला राहत असाल आणि गच्चीवरचं पाणी गार येत असेल, तर खुशाल या. बादली आणि टॉवेल आपापला आणावा. पाट आत आहे.